तार्खेलियाने हाक मारली नाही

तार्खेलिया माझी शेजारीण. तीन गायी पाळते, चीज करते आणि भेटेल त्याची दोनदा विचारपूस करते: एकदा स्वतःकडून, एकदा मुलीच्या वतीने. कारण मुलगी, नूबे, सरावाला निघाली की कुणाकडे बघत नाही. ती चालण्याच्या शर्यतीत उतरते. पळायचं नाही, दोन्ही पावलं एकदम जमिनीवरून सुटली की पंच लाल कार्ड देतात. नजर रस्त्यावर खिळलेली आणि कंबर अशी हलते की आमच्या फादरनी खिडकी लावून घ्यावी. आमच्या डोंगरात तर माणूस कुत्र्यालाही बरा आहेस ना विचारून पुढे जातो.

गेल्या वर्षी तिने पदक आणलं तेव्हा त्या नजरेला आम्ही एकाग्रता म्हणालो. फादरनी त्यावर प्रवचन झोडलं, मी सणाला करतात तसा गिनिपिग भाजून नेला. पुढच्या शर्यतीत ती बाद झाली आणि आठवड्याभरात एकाग्रतेची घमेंड झाली. 'झापडं लावलेलं खेचर' हे नाव मीच ठेवलं. छान चाललं.

मग मे महिन्यात ती मेसियासच्या वडिलांच्या अंत्ययात्रेतून सरळ निघून गेली. थांबली नाही, छातीवर क्रूस काढला नाही. आणि मेसियास पाणी समितीचा अध्यक्ष.

परवाच्या रविवारी सभा भरली. पाण्याचे चर खणायला सगळं गाव जातं. जो तीनदा चुकला त्याच्या घरचा नळ महिनाभर बंद. नूबे तीनदा चुकली होती. तार्खेलियाने तिच्या वाटणीचंही खणलं होतं, एरवी ते चालून गेलं असतं.

"खणणं राहू दे," मेसियास म्हणाला. "तिने इथं येऊन माझ्या आईची माफी मागावी. आत्ता."

आत्ता नूबे गावाभोवती फेऱ्या घालत होती. वीस किलोमीटर वेळेत झाले तर राष्ट्रीय संघ, नाहीतर घर. प्रशिक्षक घड्याळ घेऊन चर्चच्या पायरीवर. दर पाच मिनिटांनी ती सभेच्या दारावरून जायची.

"थांबव तिला, कोमाद्रे," मेसियास तार्खेलियाला म्हणाला. बाप्तिस्म्याच्या नात्यातल्या बाईला आम्ही कोमाद्रे म्हणतो. "दोन शब्द, मग जाऊ दे."

"थांबली की गेलं सगळं."

"दोन शब्दांनी?"

"धार काढताना शिंक आली तर बादली लाथेने जातेच ना, मेसियास?"

"माझा बाप म्हणजे शिंक होता?"

कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

तार्खेलिया दारात जाऊन उभी राहिली. पावलांची टकटक जवळ आली. नूबे आली, गेली. आईचे ओठ मिटलेले.

"अजून एक फेरी थांबतो," मेसियास म्हणाला. "मग हात वर."

"गायींना काय पाजशील गं?" मी हळूच विचारलं.

"नदी आहे."

"पाऊण तासाची उतरण."

"डबे भरले की ती चढण होते," ती म्हणाली. नजर रस्त्यावरच.

पाच मिनिटं गेली. पुन्हा टकटक. तार्खेलियाने चौकट घट्ट धरली. नूबे गेली.

हात वर झाले. माझा हात हॅट नीट बसवायला गेला होता. चिटणिसाने तोही मोजला. मी हॅट नीट करतच राहिले. नळ महिनाभर बंद, चार मतांच्या फरकाने.

शाई वाळते न वाळते तोच बाहेर आरडाओरडा. नूबेने वेळ गाठली, चाळीस सेकंद राखून. हात वर करणारे तेच लोक टाळ्या वाजवत धावले. ती पायरीवर बसून ओकली, मग तोंड पुसून तिने आमच्याकडे बघितलं. "आज सभा होती?"

मेसियासने कागदाची घडी घातली. "कोमाद्रे, गावाची पोर आहे. रद्द करू हे."

"नको," तार्खेलिया म्हणाली. "पुढच्या महिन्यात ती हरली की परत सभा भरवशील. लिहिलंय ते राहू दे."

"आणि माझ्या आईची माफी?"

"ते तिलाच सांग. आत्ता तिला ऐकू येतंय."

मेसियासने नूबेकडे एकदा बघितलं. मग नळ बंद करायची किल्ली घेऊन तो टाकीच्या वाटेला लागला.