बैकलच्या रुळावरचं कुंकू

जालना स्टेशनवर गाडीची वाट बघताना आमचे हे फलाटाच्या कडेला जाऊन रूळ न्याहाळत उभे राहिले. हे नेहमीचंच. माझे सासरे मीटरगेजच्या काळात गँगमन होते, खांद्यावर हातोडा टाकून रुळांच्या कडेने चालायचे. ह्यांचा स्वतःचा जन्म एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तापल्या लोखंडासमोर गेला. त्यामुळे लोखंड दिसलं की हा माणूस थांबणार, हे मी लग्नानंतर वर्षभरातच ओळखलं होतं.

निघालो होतो रशियाला. आमची वैशाली तिकडे इर्कुत्स्कला डॉक्टर झाली, तिला आणायला. विमानाने थेट जाता आलं असतं, पण ह्यांनी हट्ट धरला की मॉस्कोपासून पुढे रेल्वेनेच जायचं. "एवढा लांबचा रूळ कुणी टाकला आसंल, बघू तर दे," म्हणाले.

बघितला. बर्चची पांढऱ्या बुंध्यांची झाडं, मध्येच एखादं लाकडी घराचं गाव, पुन्हा बर्च. डब्याच्या टोकाला समोवार (गरम पाण्याची मोठी टाकी) असतो, त्याच्या जिवावर आम्ही चहा पीत आणि घरचे धपाटे खात सैबेरिया ओलांडला. प्रवोद्नित्सा (डबा सांभाळणारी बाई) माझ्या शेंगदाण्याच्या चटणीची इतकी चाहती झाली की आमच्या चादरी दोनदा बदलून मिळाल्या.

इर्कुत्स्कला वैशालीला बघितलं आणि मी स्टेशनवरच रडले. बारीक झाली होती, पण हसत होती.

दसऱ्याच्या दिवशी ती आम्हाला बैकल सरोवराच्या काठाने जाणाऱ्या जुन्या लाइनवर घेऊन गेली. तिथे आता प्रवासी हिंडवणारी गाडी हळूहळू चालते. एका बाजूला सरळ उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्रासारखं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रूळ. दोन्हीकडून रूळ येऊन या पाण्याशी अडले होते, असं वैशालीने सांगितलं. मग डबे जहाजावर चढवून पलीकडे न्यायचे. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका युद्धाच्या हिवाळ्यात तर गोठलेल्या पाण्यावरच रूळ अंथरले आणि डबे घोड्यांनी ओढले. शेवटी डोंगर फोडून, बोगदे खणून ही वाट काढली. लांबलांबून पाथरवट आणले, कैदीही जुंपले.

"त्यांची नावं लिहिलीत का कुठं?" ह्यांनी विचारलं.

"इंजिनिअरांची असतील पप्पा. मजुरांची कोण लिहिणार?"

मी खाण्याचा डबा उघडला, पण ह्यांनी तो हाताने बाजूला सारला. दसऱ्याला हत्याराची पूजा केल्याशिवाय हे तोंडात घास घालत नाहीत. मिलमध्ये मशिनला, घरी सासऱ्यांच्या हातोड्याला कुंकू लावायचे. इथे कसलं आलंय हत्यार! आणि शुगरची गोळी मात्र सकाळीच घेऊन बसले होते.

"अहो, दोन घास खा. चक्कर येईल."

"खातो की. जल्दी काय हाय?"

एका बोगद्याशी गाडी थांबली, लोक फोटो काढायला उतरले. शिट्टी झाल्यावर मी चढले. मला वाटलं, हे लेकीबरोबर मागच्या डब्यात आहेत. लेकीला वाटलं, माझ्याबरोबर आहेत. गाडी बरीच पुढे गेल्यावर ती एकटी येताना दिसली आणि कळलं, हे मागेच राहिले.

त्या काठाला गाडीरस्ता नाही. फोनला रेंज नाही. थंडी बोचरी. ह्यांचा पासपोर्ट, स्वेटर आणि खाण्याचा डबा, सगळं माझ्याकडे, आणि पोटात नुसती ती गोळी. शुगर उतरली की ह्यांचे हात थरथरतात, मग बोलणं तुटतं. घरी एकदा स्वयंपाकघरातच कोसळले होते. तेव्हा मी शेजारी होते. इथे कोण होतं?

वैशालीने ह्या गाडीच्या प्रवोद्नित्सेला गाठलं. तिने वायरलेसवर बोलणं केलं. गाडी एकेरी रुळावरून मागे जाणार नव्हती. पुढच्या थांब्यावर गाडीने थांबायचं, मागून रूळ तपासणारी ट्रॉली येतेय, ती बघेल, एवढंच ठरलं. त्या थांब्यावर लोक धुरात भाजलेला ओमूल (बैकलचा मासा) खात होते. मी रुळाकडे तोंड करून उभी राहिले. ह्यांच्यावर इतकी चिडले होते की रडूही येत नव्हतं.

मग वळणावरून घरघर आली. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं बसलेली मोटर ट्रॉली, आणि त्यांच्यात घोंगडी पांघरलेले आमचे हे. हातात भला मोठा पाव. मी तिथेच खडीवर बसले.

"कुठं गेल्ता तुम्ही?" मी ओरडले.

"कुठं न्हाई. रुळाला कुंकू लावून राह्यलो होतो."

"अन् गाडीची शिट्टी?"

"ऐकली ना. आपल्याकडं शिट्टी झाल्यावर गाडी लगेच हलती का? अन् हलली तवा हात जोडलेले होते. पूजा अर्धी सोडायची का मंग?"

टोळीची मुकादम, चांगली थोराड बाई, वैशालीला हातवारे करून सांगू लागली. खराब रुळावर ते रंगाची खूण करतात. बोगद्याच्या तोंडाशी रुळाला लाल लागलेलं दिसलं, म्हणून त्यांनी ब्रेक मारला. रुळाला चीर गेली की काय, म्हणून तिने अंगठ्याने पुसून बघितलं, वास घेतला. आणि मग मागे दगडाआड टेकून बसलेला माणूस दिसला. हात थरथरत होते, डोळे मिटत होते. तिने थर्मासमधला साखरेचा चहा पाजला, उकडलेला बटाटा भरवला. कुंकू नसतं, तर दगडाआडचा माणूस दिसलाच नसता, ट्रॉली तशीच पुढे गेली असती, म्हणाली.

ह्यांनी खिशातून आपट्याची पानं काढली. जालन्याहून रुमालात घडी करून आणली होती, मला पत्ता नव्हता. एकेकाच्या हातात पान ठेवत म्हणाले, "सोनं घ्या." वैशालीने भाषांतर केलं. मुकादमबाईने पान टोपीत खोचलं आणि आपला हातोडा ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी उरलेलं कुंकू त्याला लावलं. मी त्या बाईला कवटाळलं. तिच्या जाकिटाला ग्रीसचा वास होता, सासऱ्यांच्या सदऱ्याला यायचा तसाच.

"ज्यांनी रूळ टाकले त्यांचं नाव न्हाई कुठं," गाडीत डबा खाताना हे म्हणाले. "माझ्या बापाचं तरी कुठं हाय? म्हणून लावलं." मी परतीच्या वाटेवर त्यांची बाही सोडली नाही, पण भांडायचं बंद केलं.

तिघं जालन्याला उतरलो, तेव्हा उन्हं कलली होती. हे सवयीने फलाटाच्या कडेला गेले. या वेळी मीही गेले आणि वाकून बघितलं. रूळ चकाकत होते.

घरी आल्यावर मी देवघरातून कुंकवाची पुडी भरली आणि ह्यांच्या जाकिटाच्या खिशात ठेवली. शेजारी गुळाचा मोठा खडा ठेवला. "जगात कुठंही पूजा करा," म्हटलं, "पण आधी हा तोंडात टाका."