आबांची कवळी आणि डिंपलची पुस्तकं

माझे वडील तोताराम आबा दोंडाईच्याच्या बाजार समितीत मापाडी होते. जन्मभर मिरचीची पोती तोलली, त्यामुळे हातात येईल ती वस्तू आधी वर-खाली करून तिचं वजन बघायची खोड. माझ्या लग्नात जावयाला नारळ देतानाही त्यांनी तो तोलून पाहिला होता. दुसरी खोड बोलण्याची. मनात आलं की चारचौघांत बोलून मोकळे, मग निस्तरत बसायचं आम्ही.

साठी उलटली तसे आबांचे दात एकेक करून सगळे गेले. माणूस खाण्याचा! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर बुक्कीने फोडलेला कांदा. ते सगळं बंद होऊन वरणात कुस्करलेला काला नशिबी आला. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण घरात कुणी उच्चारायची नाही, असा माझ्या आईचा दंडकच होता. कवळी बसवा म्हटलं की आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आणि मग माझ्या भावाची, बन्सीलालची मुलगी डिंपल दहावीत असताना म्हणाली, “मी दातांची डॉक्टर होणार.” झालं! पुढच्याच आठवड्यात एका हळदीत, भर मांडवात आबांनी जाहीर केलं, “आते कवळी बसाडसू ते मनी डिंपलना हातनीच!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिंपलही लाजून हसली. पुढे त्या टाळ्या पोरीला फार महागात पडल्या.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला तिचे मार्क कमी पडले. बन्सीलाल म्हणाला, “आणखी एक वर्ष देतो. नाही जमलं तर बी.एस्सी.ला नाव घालायचं.” त्या एका वर्षासाठी डिंपल माझ्याकडे धुळ्याला राहायला आली. पुस्तकं घ्यायची म्हटल्यावर आबा सकाळच्या बसने हजर.

“दातना डाक्टरनं पुस्तक दे भाऊ,” आबांनी दुकानदाराला फर्मावलं.

“आबा, परीक्षा एकच असते. मोठा डॉक्टर व्हा नाहीतर दातांचा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र.”

“अन् दात?”

“दात कॉलेजात गेल्यावर.”

“दातना डाक्टर अन् पुस्तकमा दातच नही?” आबा असे भडकले, जणू दुकानदाराने काटाच मारला. तरातरा बाहेर पडले ते थेट जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर. तिथे त्यांना एक जाडजूड पुस्तक सापडलं, मुखपृष्ठावर अख्खा जबडा. हातावर तोलून म्हणाले, “दीड किलोले कमी नही!” ते दंत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक होतं. गाडेवाला सांगत होता, डिंपल सांगत होती, मी तर ओरडत होते. पण ऐकतील तर ते आबा कसले! पुस्तक घरी आलं.

मग बाकीच्यांनाही चेव आला. डिंपलच्या मामांनी जळगावच्या क्लासच्या नोट्स पाठवल्या. माझे यजमान प्रेमराज यांनी मोबाईलवर वर्षभराचे व्हिडिओ घेऊन दिले. शेजारच्या लताबाईंनी मुलाची जुनी गाईडं आणून ओतली. डिंपलचा स्वभाव असा की कुणाला नाही म्हणणं नाही. एकाचं उघडलं की दुसरा विचारायचा, “माझं वाचलंस का?” त्यात आबांचा रोज फोन, “दातनं पुस्तक कथलोंग उनं?” कुठवर आलं ते सांगता यावं म्हणून ती बिचारी रोज पहाटे त्या जबड्याची दोन पानं वाचायची. सराव परीक्षेतले मार्क वाढायचे सोडून खाली यायला लागले.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. कुणीतरी हसत म्हणालं, “डिंपल, आमच्या आबांना भाकरी कधी खाऊ घालतेस गं?” ती हसली, उठली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. “आत्या, पेपर समोर आला की मला प्रश्न दिसतच नाहीत. आबांचं ताट दिसतं. मी नापास झाले तर ते जन्मभर काला खातील!”

माझं डोकं फिरलं. दिवाळी सरताच आबांना फोन लावला आणि मुलीने बापाला बोलू नये ते बोलले. “तुमच्या तोंडाचं ओझं पोरीच्या डोक्यावर का ठेवलंत?” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

महिनाभराने आबा दारात उभे. हसले, तर तोंडभर पांढरेशुभ्र दात! दोंडाईच्यात कवळी बसवून आले होते.

डिंपलचा चेहरा उतरला. “आबा, माझ्यावरचा भरवसा गेला का?”

“भरवसा कथा जाई, बेटा?” नवे दात खटखट वाजत होते. “मना पोटसाठे वाचू नको, तुनासाठे वाच. डाक्टर व्हयनी ते बठ्ठा गावना दात कर. नही व्हयनी ते नही. मनी भाकर ते चालू व्हयनी!” आणि खरोखरच ताटावर बसून त्यांनी कळण्याची भाकरी आणि कांदा कचाकचा चावून खाल्ला.

त्याच संध्याकाळी डिंपलने टेबल मोकळं केलं. अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नांचं एक पुस्तक ठेवलं, बाकी सगळं ज्याचं त्याला परत. जबडा आबांनी स्वतःच उचलून माळ्यावर टाकला. पोर मान खाली घालून अभ्यासाला लागली, मार्कही चढायला लागले. आबा अधूनमधून यायचे, तिच्यासमोर भाकरी चावून दाखवायचे आणि परत जायचे.

असेच एकदा जेवण झाल्यावर ते मागच्या नळावर दिसले. कवळी हातात होती. चूळ टाकली, तर पाणी लालसर. हिरड्या सोलून निघाल्या होत्या.

“आबा! डॉक्टरांनी कवळी घासून घ्यायला बोलावलं असेल ना?”

“बलायेल शे. पन दवाखानामा गऊ ते डिंपलले समजी, कवळी नीट बसनी नही म्हनीसन. परीक्षा व्हई जाऊ दे. तू बोलू नको.”

सगळ्या घराला बोलणारी मी. त्या दिवशी तिथेच पायरीवर बसून रडले.

मे महिन्यात परीक्षा झाली. डिंपल केंद्रात शिरली तशी आबांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि कडुनिंबाखाली बसून राहिले. सुटायच्या वेळी फाटकाशी एवढी झुंबड उडाली की डिंपल कधी समोर आली ते कळलंच नाही. आबा घाईघाईने कवळी तोंडात कोंबायला गेले. रुमालावरचे लालसर डाग पाहून तिने त्यांचा हात धरला.

“आबा, आ करा.”

ते मान हलवत राहिले. तिने पुन्हा तेवढंच सांगितलं.

मी मधे पडून विचारलं, “अगं, पेपर कसा गेला?”

“सगळा सोडवला. नंतर सांगते.” तिने रुमालासकट कवळी स्वतःकडे घेतली. “आत्या, तुम्ही आधी रिक्षा बघा. यांना दवाखान्यात न्यायचंय.”

आणि भर रस्त्यात, एवढ्या गर्दीसमोर, माझ्या बापाने नातीपुढे निमूट तोंड उघडलं.