समुद्राला न शिवणारे मामा

माझ्या पत्नीच्या मामांनी जितक्या माणसांना समुद्र दाखवला तितक्यांना दुसऱ्या कोणी दाखवला नसेल, आणि इतक्यांदा समुद्रावर जाऊन इतके कोरडे परतणेही दुसऱ्या कोणाला जमले नसेल. मामा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहत आणि कोर्टात कारकून होते. साठ सालच्या आसपास महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला, की मामा-मामी त्याला मायावरमला गाडी बदलून तरंगंबाडीला नेत. तिथे डॅनिश लोकांचा जुना किल्ला आहे. मामा छत्रीच्या टोकाने बुरूज दाखवीत आणि म्हणत, "ही जागा त्यांस आम्ही दिली." जागा देणारा राजा नायक घराण्यातला होता, मराठे तंजावुरात नंतर आले, हे मी एकदा निदर्शनास आणले. "असो. तंजावूरचा होता कीं नाहीं?" एवढे बोलून मामा पुढच्या बुरुजाकडे वळले.

मासे खाणारा पाहुणा असेल तर मामा त्याला किल्ल्यामागच्या खानावळीत स्वतः पोचवीत आणि बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून, पाठ करून बसत. आतली सुरमई मात्र त्यांच्या देखरेखीखाली असे. "माप्पिळ्ळै, तिखट बेताचें आहे ना? काटा सुटतो?" असे ते बाहेरून विचारीत. जावयाला तमिळमध्ये माप्पिळ्ळै म्हणतात. मी भाचजावई, पण मामांना तेवढे नाते पुरे होते. माझी उत्तरे ते ध्यानात ठेवीत. त्यामुळे जन्मात मासा न चाखलेला हा गृहस्थ पुढच्या पाहुण्याला सुरमईचे वर्णन इतके खात्रीने करी, की तो ताटावर बसण्याआधीच तृप्त होई.

समुद्राबाबत मामांचा नियम कडक होता. पर्वणीखेरीज समुद्राला शिवायचे नाही, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. अमावास्येला घरी भटजी तर्पणाला येत, ग्रहणाचे स्नान कावेरीत होई, आणि पाहुणे नेमके कोरड्या तिथीला उगवत. मामी दरवेळी दहीभाताचा डबा घेऊन बरोबर येत, वाळूत बसत आणि तशाच परतत. एकदा तरी घोटाभर पाण्यात उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. "ह्यांच्या पंचांगांत माझा दिवसच येत नाहीं गे," असे त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. मामांनी ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले.

आम्ही दोघे बरोबर होतो त्या एका दुपारी मात्र मामींनी विचारले, "अहो, मी शिवत नाहीं. तोच येऊन शिवला तर?"

मामांनी कोर्टातल्या माणसाच्या सावधपणाने विचार केला. "मग दोष त्याचा. पण तूं पुढें पाऊल टाकायचें नाहीं."

मामी ओल्या वाळूच्या कडेला उभ्या राहिल्या. आम्ही वाट पाहू लागलो. ओहोटी लागली आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही; तंजावूरच्या माणसाला कालव्याचे पाणी कधी सुटते ते कळते, समुद्राचे नाही. लाटा मागे मागे जात होत्या. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"इतकी वर्षें थांबलें, आतां तोही पळाला," त्या म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण मामांचा चेहरा उतरला.

गाडीची वेळ होत आली होती. मामा उठले आणि छत्रीच्या टोकाने मामींच्या पायांपासून पाण्याकडे चर खणू लागले. लाट आली की धोतर सावरून मागे उडी मारीत, ती गेली की पुन्हा खणीत.

"मामा, हें नियमांत बसतें?" मी विचारले.

"मी वाट काढून देतों. यायचें कीं नाहीं तें त्यानें ठरवावें."

एक मोठी लाट आली, चरातून वर चढली आणि मामींचे पाय घोट्यापर्यंत भिजले. "अय्यो, गार!" त्या ओरडल्या. "तुम्हीही या कीं."

"पुढल्या खेपेस," मामा म्हणाले.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी मामी गेल्या. पुढे एका अमावास्येला मी मामांबरोबर तरंगंबाडीला गेलो. किनाऱ्यावर स्नानाची गर्दी होती. मामा पाण्यापासून दूर, मामी उभ्या राहिल्या होत्या त्याच जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी छत्री माझ्या हातात दिली.

"मामा, आज अमावास्या आहे. आज तुम्हांला सरळ आंत जातां येईल."

"ठाऊक आहे, माप्पिळ्ळै," ते म्हणाले. "तरी खणा."

मी खणू लागलो. मामांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.