केसपेपरवरचा भटका कुत्रा

आमच्या कोपरच्या सोसायटीचे अध्यक्ष झोपेतसुद्धा ठराव मांडत असणार आणि स्वतःच अनुमोदन देत असणार. त्यांचा कुत्रा वासराएवढा. रोज सकाळी साखळीशिवाय जिन्यातून सुटायचा, आणि मागून हे लेंगा सावरत, तो काही करत नाही, खेळतो, असं सांगत यायचे. एका सकाळी तो माझ्या पोटरीशी खेळला. अर्धा किलो मांस गेलं असं मी सांगतो. बायको म्हणते, चार दात लागले. तिने पाय नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं घासला. तेवढ्यात वरच्या मजल्यांवरून हळद, चुना आणि मिरचीपूड असे तीन रामबाण इलाज खाली आले. तिने ते वाट्यांसकट परत पाठवले.

अध्यक्षांनी मात्र गाडी काढली. मला सरकारी दवाखान्यात नेलं, बाकावर बसवलं आणि स्वतः रांगेत उभं राहून केसपेपर काढून आणला. शेजारी असावा तर असा, असं मला वाटलं. त्या भरात मी पहिली सुई टोचून घेतली आणि तो कागद न वाचताच खिशात घातला.

मला हवं होतं तरी काय? कुत्र्याला लस दिल्याचा कागद आणि त्याच्या गळ्यात साखळी. जिन्यात पोरं खेळतात. दुसऱ्या दिवशी मी ते मागितलं, तर अध्यक्ष म्हणाले, विषय मीटिंगमध्ये घेऊ. म्हणून मी लंगडत पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने केसपेपर वाचला आणि मला परत दिला.

"काका, यात भटका कुत्रा चावला असं लिहिलंय. भटक्याचा मालक कुठून आणू?"

म्हणजे त्या रांगेत अध्यक्ष माझ्यासाठी उभे नव्हतेच! असल्या परोपकारापेक्षा कुत्र्याचा चावा बरा, तो निदान समोरून तरी दिसतो.

ठाण्याच्या कोर्टात वकिली करणारा माझा मामेभाऊ खोपटला राहतो. त्याच्याकडे गेलो. आधी तो पोटभर हसला, मग त्याने समजावून सांगितलं. कुत्रा भटका असेल तर दाद महापालिकेकडे मागायची. पाळीव असेल तर हलगर्जीपणाबद्दल मालकावर पोलिसांत तक्रार होते आणि दिवाणी कोर्टात भरपाईही मागता येते. सोसायटीतून कुत्र्याला हाकलता येणार नाही, पण मालकाला वठणीवर आणता येईल.

"आणि दादा, यापुढे स्वतःच्या जखमेची हकिकत स्वतःच सांगत जा."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात दुसरी सुई होती. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे नोंद केली: पाळीव कुत्रा, मालक शेजारी. तो कागद मी देवाच्या फोटोसारखा छातीशी धरून चौकीत नेला. हवालदाराने अध्यक्षांना बोलावून घेतलं.

ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कुत्रा आमचा नाहीच. भूतदया म्हणून पोळी घालतो, इतकंच."

रोज एसीत झोपणाऱ्या, सोफ्यावर लोळणाऱ्या त्या जनावराला एका वाक्यात रस्त्यावर आणलं या गृहस्थाने! तेवढ्यापुरती मला कुत्र्याचीच दया आली. मी मोबाईल काढून हवालदारापुढे धरला. गेल्या महिन्यात स्टेशनबाहेर लागलेल्या फ्लेक्सचा फोटो होता. त्यावर कुत्रा गॉगल लावून बसलेला, वर ‘आमच्या छोट्या साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि खाली हात जोडलेले अध्यक्ष. शुभेच्छुक: पप्पा.

हवालदाराने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग अध्यक्षांकडे पाहिलं.

"हे पप्पा कोण?"

अध्यक्षांनी हाही विषय मीटिंगमध्ये घ्यायचं सुचवलं. हवालदार लिहायला लागला, तसे ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "अहो, आपण शेजारी ना?"

"हो ना," मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहिलंय."

लस दिल्याचा कागद त्यांनी संध्याकाळी, कुत्र्याला साखळीने धरून, स्वतः घरी आणून दिला. या वेळी मी तो दारातच, त्यांच्यादेखत, दोनदा वाचला.