पाहुण्यांनी नेलेली गाडी

पुण्याहून निघालो तेव्हा गाडी माझी नव्हती आणि नगरला पोचलो तेव्हा ती धड चालतही नव्हती. या प्रवासाची हकीकत सांगायची तर एवढ्यावरून सुरुवात केलेली बरी. वाचकांना निसर्गवर्णनाची अपेक्षा असेल तर आधीच सांगतो, त्या साली नगर जिल्ह्यात निसर्ग फारसा शिल्लक नव्हता.

गाडी भास्करची. भास्कर आणि मी एकाच छापखान्यात होतो. तो यंत्रावर, मी मुद्रितं तपासायला. त्याने पै-पै साठवून एक जुनी मोटारसायकल घेतली, मला मागे बसवून सिंहगडापर्यंत नेली, पुढे मलाही चालवायला शिकवली. दिवाळीला याच गाडीवरून गावी जाणार, असं तो सगळ्यांना सांगत असे. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. त्याचे वडील, ज्यांना सारे तात्या म्हणतात, शेवटच्या दोन दिवसांत इस्पितळात आले होते. जाताना अस्थींचं गाठोडं मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि मला म्हणाले, "फटफटी तेवढी घरी पोचती करा. त्याच्या आईनं पाहिलेली न्हाई."

त्यांचं गाव पुणतांबा, गोदावरीच्या काठी. मी हो म्हणालो, आणि थंडी पडल्यावर रजा काढून, तात्यांना येण्याचा दिवस पत्राने कळवून निघालो.

शिरूरला घोडनदी ओलांडली. नदीत पाणी कमी आणि वाळूत झरे खणणाऱ्या बायकाच जास्त. पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना दुष्काळी कामं चालली होती. बायाबापड्या डोक्याला फडकी बांधून खडी फोडत बसल्या होत्या. गाडीचा आवाज आला की हातोड्या थांबत, गाडी गेली की पुन्हा सुरू होत. चहाला कुठेही थांबलो तरी पहिला प्रश्न ठरलेला, "पाव्हनं, कुनीकडं?" या भागात अनोळखी माणसाला पाव्हणं म्हणतात. आम्हा पुणेकरांना पाहुणा म्हटलं की आधी त्याच्या परतीच्या गाडीची वेळ आठवते. इथे मात्र तो शब्द पाण्याच्या तांब्यासारखा आधी पुढे येतो. मला तो फार आवडला, आणि त्या आवडीनेच पुढे घात केला.

सुपं गाव सोडल्यावर एका चढावर गाडीने असहकार पुकारला. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं, पण गाडी जागची हलेना. शेवटी एका मालट्रकवाल्याने तिला गोणींच्या बाजूला आडवी घातली आणि नगरच्या वेशीजवळ पत्र्याच्या एका गॅरेजपुढे आम्हा दोघांना उतरवून दिलं.

गॅरेज दगडू मिस्त्रीचं. पन्नाशीचा, बुटका, कपाळाला काळं वंगण आणि त्यावरच बुक्का. त्याने गाडी उघडली आणि आतून काळी पडलेली एक गोल चकती काढून दाखवली.

"क्लच प्लेट गेली. नवी बशिवतो. सांजच्याला या."

गॅरेजला लागून चहाची टपरी होती. तिथे बाकावर एक गृहस्थ बसले होते. स्वच्छ पायजमा, निळा स्वेटर, बोलणं मृदू. त्यांनी मला जागा करून दिली. मी आपला नव्याने शिकलेला शब्द वापरायला टपलेलोच होतो. मोठ्याने म्हणालो, "घ्या पाहुणे, चहा घ्या." चहाबरोबर मी त्यांना सगळंच सांगितलं. भास्कर, कावीळ, पुणतांबा, तात्या, दिवाळी. ते मान हलवत होते. मध्येच डोळेही पुसले. ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. प्रवासाला निघालेल्या माणसाला काहीतरी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. टांगा केला आणि चांदबिबीचा महाल पाहायला गेलो. लोक महाल म्हणतात, खरी ती एका सरदाराची कबर आहे. डोंगर चढून गेलं की तीन मजली दगडी इमारत उभी. वरून सारा मुलूख दिसतो. त्या दिवशी जो दिसला तो पिवळा आणि उघडा होता. कुठे हिरवा ठिपका नाही, तळी कोरडी, आणि लांब रस्त्यावर धुळीचे लोट. त्यांतला एखादा लोट भास्करच्या गाडीचाही असेल. मी मात्र कमानीत बसून चुरमुरे खात होतो आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःवर खूश होतो.

परत आलो तर दगडू मिस्त्री हात धूत होता. मला पाहून तो गोंधळला.

"तुमी हितं कसं? पाव्हनं तर गाडी घिऊन तुमच्याकडंच गेलं की."

"कोण पाहुणे?"

"ते निळ्या स्वेटरवालं. म्हनलं, सायेब टेसनापाशी जेवायला थांबल्यात, गाडी तिकडंच घिऊन बोलिवलंय, आजच पुनतांब्याला पोचायचं हाय. भास्कर आमचाच पोरगा म्हनलं. मी बी किक मारून दिली."

"अहो, मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

मिस्त्रीने हात पुसायचे थांबवले. "पर तुमीच त्येला पाव्हनं म्हनलासा. माझ्या म्होरं."

"तुम्ही सगळेच तर सगळ्यांना म्हणता."

"आमी म्हनतो," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "पर तुमी पुन्याचं. पुन्याची मानसं उगं कुनाला पाव्हनं म्हनत न्हाईत. म्हनलं, असंल सोयरा."

माझ्या गावाची कीर्ती इतक्या अचूकपणे आडवी येईल, असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या वेळी हसलो असतो. पण एका आईसाठी अंगावर घेतलेलं काम मी एका कप चहात घालवलं होतं.

आम्ही दोघं पोलीस ठाण्यावर गेलो. कधी कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे, मिस्त्रीशी भांडण्यात वेळ घालवू नये. त्याला बरोबर घेऊन जावं, कारण चोराचं तोंड त्यानेच पाहिलेलं असतं. दुसरं, गाडीची कागदपत्रं गाडीच्याच पेटीत ठेवू नयेत. मी ठेवली होती. हवालदारांनी इंजिनाचा नंबर विचारला तेव्हा मला पाटीवरचा नंबर तेवढा सांगता आला.

"गाडी कुनाच्या नावावर?"

"मित्राच्या."

"त्यांना घिऊन या मग."

"ते वारले."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागवलं. पुढे ते चांगलं बोलले. फिर्याद माझी घेतो म्हणाले, गॅरेजवर येऊन पंचनामाही केला. पण गाडी मिळाली तर ताबा वारसालाच मिळेल, तेव्हा वडिलांना आणा, त्यांचाही जबाब घेऊ. "आनि आशा फार धरू नगा," ते जाता जाता म्हणाले. "असल्या गाड्या खोलून सुटं भाग इकत्यात."

निघताना मिस्त्रीने कागदात गुंडाळलेली जुनी प्लेट माझ्या हातात दिली. "एवढीच ऱ्हायली. तुमच्या गाडीची हाय, तुमीच न्या." मी ती पिशवीत टाकली.

सकाळी मनमाडकडे जाणारी पॅसेंजर धरली. डब्यात समोर एक म्हातारी टोपलीत दोन कोंबड्या घेऊन बसली होती. तिने विचारलं, "पाव्हनं, कुटं उतरायचं?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बिचारीला वाटलं मला ऐकू येत नाही. तिने तोच प्रश्न मोठ्याने विचारला, मग शेजारणीला म्हणाली, "बहिरं हाय गं," आणि माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. राहुरीपुढे कालव्याच्या काठाने थोडा ऊस दिसला. पुणतांब्याला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं.

गाव जुनं, देवळांचं. घाट सुंदर आहे, पण पायऱ्या संपल्यावर नदी बरीच लांब गेली होती. मधल्या वाळूत गुरं उभी होती. तात्यांचं घर विचारलं तर एकाने बोट दाखवलं आणि विचारलं, "फटफटी कुटं हाय?" म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

घर पाहिलं आणि मी रस्त्यातच थांबलो. दाराला तीन पायऱ्या होत्या. त्यांच्यावर दगड-मुरूम भरून, माती चोपून उतार केला होता, वरून शेणाने सारवलेला. गाडी ढकलत थेट ओसरीत नेता यावी म्हणून. आत भिंतीलगत गाडीपुरती जागा रिकामी करून ठेवली होती आणि तिथे पोतं अंथरलं होतं.

तात्या बाहेर आले. मी चालत आलोय हे त्यांनी पाहिलं. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, माझ्या त्या शब्दासकट. ते उतारावर बसले आणि तळव्याने माती चाचपत राहिले.

"हिला सांगू नगा," ते शेवटी म्हणाले.

"मग काय सांगू?"

"गाडी दुरुस्तीला टाकलीया म्हना. त्यात खोटं काय हाय?"

भास्करची आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठेंगणी, कृश, डोळे मात्र थेट भास्करचे. तात्यांनी शिकवल्याप्रमाणे मी बोललो. तिने ऐकून घेतलं.

"नगरला व्हय. म्हनूनच. मी कालधरनं कान दिऊन हुते. तो म्हनायचा, येशीपाशी आलो की तुला चुलीपाशी आवाज यील." मग विचारलं, "मोडलं काय पर?"

मला पिशवीतल्या प्लेटची आठवण झाली. ती मी तिच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसली, उलटसुलट करून पाहिली. "ह्येच्यानं काय हुतं?"

"हिच्यामुळे इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. ही झिजली की इंजिन नुसतं ओरडतं. गाडी पुढे जात नाही."

"एवढुशानं," ती म्हणाली, आणि प्लेट घेऊन आत गेली.

जेवायला शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाची वळून रश्शात शिजवलेली). दुष्काळात हुलगेच काय ते पिकले होते. भास्कर डबा खाताना याचंच वर्णन करायचा. ती समोर बसून वाढत होती, तेव्हा तीनदा घेतली. नवऱ्यापेक्षा तीच जास्त बोलली. गाडीचा रंग कोणता, दिवा केवढा, भास्कर हाकताना डोक्याला काय बांधायचा. मी सगळं सांगितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि प्रत्येक शब्दागणिक मला चोरट्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी तात्या माझ्याबरोबर नगरला यायला निघाले. आईला सांगितलं, गाडी बघायला चाललोय. तिने आम्हा दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि वर एक वेगळी पुरचुंडी ठेवली. जुन्या धोतराच्या फडक्यात प्लेट होती, चिंचेने घासून लख्ख केलेली.

"ही मिस्त्रीला द्या," ती मला म्हणाली. "तुमी हिकडं घिऊन आलासा, मंग गाडी कशी चालावी? हिच्याबिगर अडून बसली असंल."

मी तात्यांकडे पाहिलं. ते उताराकडे पाहत होते. मी पुरचुंडी घेतली.

नगरला तात्यांचा जबाब झाला. गाडीचा पत्ता नव्हता. ठाण्यातून आम्ही गॅरेजवर गेलो. दगडू मिस्त्री उठून उभा राहिला. "या पाव्ह..." एवढं म्हणाला आणि थांबला. बाकडं पुसून दिलं. तात्यांनी फडकं सोडून प्लेट त्याच्या पुढे धरली.

"त्याच्या आईनं दिलीया. हिच्याबिगर गाडी अडली असंल म्हनती."

मिस्त्रीने प्लेट घेतली. ती किती घासलीय ते त्याला कळलं असावं, कारण त्याने ती बराच वेळ हातातून खाली ठेवली नाही. मग म्हणाला, "बशिवतो म्हनावं."

तात्यांना पुणतांब्याच्या गाडीत बसवलं आणि मी एसटीने पुण्याला परत आलो. येताना तोच रस्ता, त्याच खडी फोडणाऱ्या बाया. पिशवी रिकामी होती तरी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. गेलो होतो काहीतरी पोचवायला, आणि त्या घरात पोचवली ती फक्त एक थाप. परतताना वाटत राहिलं की चोराने नुसती गाडी नेली. तिची वाट पाहणं मात्र तो त्या घरातच ठेवून गेला.

गाडी मिळाली नाही. उन्हाळा संपताना तात्या कामाने पुण्यात आले तेव्हा छापखान्यात भेटून गेले. मी विचारलं, आई काय म्हणते? ते म्हणाले, "काई न्हाई. मिस्त्री नीट करतोय म्हनून सांगितलंय. ती म्हनती, करू द्या सावकाश, पर पावसाच्या आत आना म्हनावं. न्हाईतर उतार वाहून जाईल."

त्या साली सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसला होता. पाऊस मलाही हवा होता. पण पुण्यात पहिले ढग भरून आले, छापखान्यातली माणसं आनंदाने दारात गेली, आणि मी मुद्रितांवरून मान वर केली नाही.