भात्याची रेघ

आधीच सांगून टाकते. नजर, उतारा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. आबांनी, म्हणजे वडिलांनी, दालमिलमध्ये पोती वाहून मला शिकवलं आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही, छाती फुगते. शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली – बिघाड आहे म्हणजे कारण आहे. सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी कित्येकदा हसलेय. आज माझ्यावर हसा, चालेल. फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

जळगावात आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक मिडी कीबोर्ड. मी तिला स्टुडिओ म्हणते, आई ‘वरची खोली’ म्हणते. अहिराणी गाण्यांची संगीत-जुळवणी आणि मिक्सिंग हे माझं काम. गाणारे आवाज मोबाईलवर पाठवतात, मी गाणं तयार करून परत पाठवते. माणसांचे आवाज ओळखीचे, चेहरा एकाचाही नाही. कानावर हेडफोन आणि समोर स्क्रीन, असा दिवस जातो. मैत्रिणी पुण्याला गेल्या, लग्नं झाली. गच्चीवर येतं ते फक्त ऊन.

मागच्या मे महिन्यात आबा म्हणाले, “भडगावहून सुपडू नाना येई राहिना. त्यानं काम नीट करजो.”

सुपडू नाना म्हणजे आबांच्या जुन्या भजनी मंडळातले पेटीवाले. आम्ही भडगाव सोडलं तेव्हा मी लहान होते, त्यामुळे मला ते नावानेच माहीत. आबांनी त्यांना एस.टी. स्टँडवरून स्कूटरवर आणलं. काठी टेकत, एकेक पायरी थांबत वर आले. मागे कधीतरी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. पाय सावरला होता, डावा हात मात्र गेलाच. खुर्चीत बसले की आधी उजव्या हाताने तो डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवायचे, एखादी पिशवी ठेवावी तसा.

एसीची हवा लागल्यावर म्हणाले, “बरं शे वं. फ्रीजमा ठेयेल वांगानामायिक वाटी राहिनं.”

फ्रीजमधलं वांगं! मी हसले. त्या खोलीत कुणाशी तरी बोलून हसल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

पेटी वाजवायला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर. भाता हलला नाही तर हवा नाही, हवा नाही तर सूर नाही. म्हणून नानांची पेटी बंद पडली होती. मिडी कीबोर्डला भाता नसतो, एका हाताचं काम. हे आबांनी त्यांना सांगितलं आणि ते आले.

“मी सुरतले जाई राहिनू, पोऱ्याकडे,” नाना म्हणाले. “आते तठेच. श्रावणमा कानबाई बसी, तव्हय गल्लीन्या बाया कोनामांगे गातीन?”

कानबाई म्हणजे श्रावणात घरोघर बसवतात ती आमच्या खानदेशातली देवी. तिच्या गाण्यांना भडगावच्या गल्लीत नानांची पेटी असायची. ती चाल मागे ठेवून जायची होती, एवढंच त्यांचं म्हणणं. मग बोट दाखवून म्हणाले, “पन ऐक, इंजिनेरबाई. मुरदाड वाजनं ते पुशी टाकजो. माले दया नको.”

मी कॉम्प्युटरवर ढोलकीचा ठेका लावला आणि नानांनी वाजवलं. बोटं जरा अडखळत होती, पण चाल पक्की. नंतर आईने जेवायला हाक मारली म्हणून आबा त्यांना खाली घेऊन गेले. मी गाणं तपासायला बसले.

पेटीचा आवाज वर-खाली होत होता. फुगायचा, ओसरायचा, परत फुगायचा. मला वाटलं, मिक्सिंगच्या जोडणीत माझीच काहीतरी गडबड. आवाज दाबणाऱ्या कंप्रेसरला ढोलकीचा सिग्नल चुकून जोडला गेला, की ढोलकीच्या प्रत्येक थापेला दुसरं वाद्य असं दबतं. ती जोडणी काढली. तरी तेच. मधल्या सगळ्या जोडण्या काढून पेटी सरळ शेवटच्या आउटपुटला दिली. तरी तेच. ढोलकीच बंद केली... पेटी आपली श्वास घेतेच आहे.

मग मी रेकॉर्ड झालेली मिडीच उघडून पाहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मिडीत आवाज रेकॉर्ड होत नाही. कोणती पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबली, एवढीच नोंद होते. आवाज नंतर सॉफ्टवेअरमधलं वाद्य देतं. या नोंदींच्या खाली ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक रेघ असते. ती वर गेली की आवाज फुगतो, खाली आली की ओसरतो. ती पायाच्या पेडलने चालते. माझ्याकडे तो पेडल नाही, कधीच नव्हता. त्यामुळे माझ्या प्रत्येक गाण्यात ती रेघ सपाट असते.

इथे ती सपाट नव्हती. गाण्याच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत चढत-उतरत गेली होती. मधे एका जागी, अंतरा संपतो तिथे, पार तळाला बसली होती आणि मग एकदम उसळून वर आली होती.

पेडलचं सॉकेट खराब असेल, असं धरून मी ती रेघ पुसली. कचरा समजून.

नाना जेवून वर आले. त्यांना गाणं ऐकवलं. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला.

“हाई पेटी शे का यस्टीनं हारन?”

आबा हसले. नाना नाही हसले. काठी शोधायला लागले. “पुशी टाक, माय. संपनं मन्हं.”

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. माझ्या खोलीतून कुणी असं उठून जात नाही. म्हटलं, “नाना, बिघाड माझ्या मशीनचा आहे, तुमचा नाही. चहा घ्या. पुन्हा करू.”

आबा चहा सांगायला खाली गेले आणि मी कामाला लागले. सॉकेटमध्ये कोरी पिन घालून ते बंद केलं. केबल बदलली. इनपुटला ‘सगळी उपकरणं’ निवडलेलं होतं, ते काढून फक्त हा एक कीबोर्ड ठेवला. ट्रॅकचं आउटपुट फिरून इनपुटला येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरमधली आतली वायर बंद केली. नवीन कोरी फाईल उघडून ढोलकीचा ठेका पुन्हा लावला. शेवटी फिल्टर लावला – सूर सोडून बाकी काहीही आत घ्यायचं नाही. आता ती रेघ येण्याला वाटच नव्हती. हे मी परीक्षेत लिहून द्यायला तयार आहे.

नानांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि सुरुवात केली. या वेळी जरा संथ.

मी स्क्रीनकडे पाहत होते. वर सुरांचे ठोकळे उमटत होते आणि खाली... रेघ निघाली. माझ्या डोळ्यांदेखत. चढली, उतरली, चढली. मी नानांच्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडलेला, बोट हलत नव्हतं. त्यांना थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. अंतरा संपला तिथे रेघ पुन्हा तळाला गेली. त्याच जागी. लय वेगळी होती तरीही.

गाणं संपलं. मी कशालाही हात न लावता जसंच्या तसं वाजवलं.

नाना खुर्चीत सरळ झाले. डोळे मिटले. मग म्हणाले, “भाता कोन मारी राहिनं?”

“कुणी नाही, नाना. मशीनमधलंच काहीतरी आहे.”

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. अंतरा संपत आला. हवा बसत गेली, सूर केविलवाणा झाला, आणि नाना खो-खो हसायला लागले. “वं, हवा! हवा दे हवा!” ते समोरच्या भिंतीला ओरडून म्हणाले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेही उजव्या हाताने पुसलं.

मग त्यांनी सांगितलं. झटका आल्यावर पेटी लगेच बंद पडली नव्हती. अक्का, म्हणजे त्यांची बायको, समोर बसून भाता मारायची आणि नाना उजव्या हाताने वाजवायचे. रोज दुपारी, घरातली कामं उरकली की. पण ती गाण्याची वेडी. अंतरा संपला की स्वतःच गुणगुणायला लागायची आणि भात्याचं विसरायची. हवा तुटायची. नाना ओरडायचे. मग ती घाबरून जोरात भाता मारायची. दरवेळी त्याच जागी. गेल्या थंडीत अक्का गेली आणि त्यानंतर पेटीवरचं फडकं निघालं नाही.

आबा चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही गाव सोडल्यानंतरची ही गोष्ट.

मी विचारलं, “नाना... ठेवू का पुसू?”

त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. “सूर काढी टाक,” म्हणाले. “नुसता भाता ऐकाड.”

आता हे मी त्यांना कसं सांगणार? त्या रेघेला स्वतःचा आवाज नसतो. ती दुसऱ्या सुराला कमी-जास्त करते, तेवढंच. सूर काढले की काहीही ऐकू येत नाही. मी साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं.

“ऐकू नही येस. पन दिसस ना?”

मी पेटी म्यूट केली. ढोलकीही. आणि फाईल चालू केली. खोलीत फक्त एसीची घरघर. उभी पट्टी रेघेवरून सरकत होती आणि नाना तिच्याबरोबर मान वर-खाली करत होते. तळाला गेली तिथे पुन्हा हसले, पण आवाज न करता. रेघ संपली.

“आखो एक डाव,” नाना म्हणाले.

मी आखो एक डाव, पहिल्यापासून लावली.

नाना त्या दिवशी परत गावी गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले. फिल्टर काढून, लावून, डावा हात मांडीवर ठेवून तीच चाल वाजवली. सपाट. दुसऱ्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडला. सपाट. अजूनही प्रत्येक गाणं झालं की मी ती जागा उघडून पाहते. सपाटच असते. कमेंटमध्ये कुणी ड्रायव्हर सांगेल, कुणी ब्लूटूथ, कुणी शेजारचा वायफाय... सगळं बघून झालंय. बी.एस्सी.चं उत्तर माझ्याकडे नाही आणि दुसरं कुठलं उत्तर मी द्यायला धजत नाही.

श्रावणात भडगावला गल्लीतल्या बायकांनी स्पीकरवर ते गाणं लावलं. अंतऱ्याच्या शेवटी हवा तुटते ते काही मी दुरुस्त केलं नाही. बायका तिथे थांबल्या आणि मग पुढे गायल्या, असं आबांना कुणीतरी फोनवर सांगितलं.

नाना आता सुरतला असतात. मुलगा आणि सून दोघं कामाला जातात, फ्लॅट दिवसभर रिकामा. गाणं त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, पण मोबाईलवर फक्त आवाज ऐकू येतो. रेघ माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. मग दुपारी कधीतरी व्हिडिओ कॉल येतो. हालहवाल काही नाही. “काम करी राहिनी का? रेघ दखाड.”

मी हेडफोन काढते, पेटी म्यूट करते आणि मोबाईल स्क्रीनसमोर धरून बसते.