काढ म्हटलं की काढते

अशी कल्पना करा, की समोर सात वर्षांची मुलगी खडू घेऊन बसली आहे आणि तिला चित्रकला तुम्ही शिकवायची आहे. तुम्ही मात्र जन्मात काढला असेल तर फ्रीजचा कॉम्प्रेसर. आता बोला!

मामाची अशीच गत झाली होती. धंदा फ्रीजदुरुस्तीचा. ताईनं लेकीला, म्हणजे लवंगीला, शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं. गणित आणि भाषा ताईनं घेतली, विज्ञान भावोजींनी. उरली चित्रकला, आणि उरलंसुरलं त्या घरात नेहमीच मामाच्या ताटात पडायचं.

"अगं ताई, मला साधं सरळ वर्तुळसुद्धा जमत नाही."

"वर्तुळ सरळ नसतंच रे. हात चालतो ना तुझा? मग बास."

पहिल्या दिवशी मामानं घसा साफ केला. "लवंगे, मांजर काढ."

लवंगी उठली. कोचावर झोपलेलं मांजर तिनं काखोटीला मारलं, दाराबाहेर ठेवलं आणि हात झटकत परत बसली. "काढलं."

मामाला यात काही वावगं वाटलं नाही. 'स्क्रू काढ' म्हटल्यावर स्क्रूचं चित्र काढणारा मदतनीस त्यानं त्याच दिवशी घरी पाठवला असता. उलट तो खूश होऊन म्हणाला, "बरोबर. फ्रीज कळायला हवा तर आतलं सगळं आधी बाहेर काढावं लागतं."

मग काय! 'खुर्ची काढ' म्हटलं की खुर्ची बाहेर. पाठोपाठ स्टूल, छत्री, भावोजींचे बूट. कागद कोरा तो कोराच, खोली मात्र भराभर रिकामी. संध्याकाळी सामान आत घेताना गुरुजींच्या नाकी नऊ यायचे.

"ही चित्रकला आहे की घर बदलणं?" ताईनं एकदा विचारलं.

"पाया पक्का करतोय," मामा कोच ढकलत म्हणाला.

आणि मग कळलं, की घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा घ्यायला तपासनीस बाई येणार. एका जरी विषयात नापास झाली, तर लवंगीला बाहेरच्या शाळेत घालायचं. हल्ली लोक बिघडलेला फ्रीज फेकून नवा आणत. मामाचा फोन वाजेनासा झाला होता. दुपारी 'मामा, आज काय काढायचं?' असं विचारणारी लवंगी तेवढी उरली होती.

"उद्या 'काढ' म्हणजे खडूनं, कागदावर. कळलं?" तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"कळलं की."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पाढे धडाधड झाले, वाचन झालं. मग त्या म्हणाल्या, "या घरातलं तुला सगळ्यात आवडतं ना, ते काढ बघू."

लवंगीनं खोलीभर नजर फिरवली. ती उठली, मामाचा हात धरला, त्याला दाराबाहेर नेऊन उभा केला आणि आतून कडी लावली.

"अगं कार्टे, काय केलंस हे?" आतून ताईचा आवाज आला.

"काढला."

बाई काहीतरी पुटपुटल्या. मामानं दाराला कान लावला. तेवढ्यात मांजर आलं, 'तूसुद्धा?' अशा नजरेनं बघून त्याच्या पायाशी बसलं. मामानं त्याला उराशी धरलं. धरायला दुसरं होतं कोण? खिडकीच्या काठावर मधूनच दोन डोळे उगवत, त्याच्याकडे रोखून बघत आणि मावळत.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. बाई हातातल्या कागदाकडे बघत बाहेर आल्या. मग त्यांनी मामाकडे पाहिलं, मांजराकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"हुबेहूब!" त्या म्हणाल्या. "चित्रकलेत पास." कागद घडी करून पिशवीत टाकला आणि त्या चालत्या झाल्या.

मामा आत धावला. ताई डोळे गच्च मिटून बसली होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

"लवंगे, कसं काढलंस गं मला?"

"हाताला धरून."

दुपारी शिकवणी अजून चालते आणि मामा रोज तिच्यापुढे हात जोडतो. "ते नव्हे गं बाई, कागदावर! घाबरलेला काढलास की हसरा?"